शेऱ्याचा रकाना

"कोळशात राख नसते."

खाणीच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले त्या आठवड्यात आमच्या सिनियर केमिस्टसाहेबांनी हे वाक्य टाकलं आणि ते चहाला निघून गेले. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन आलेली. समोर रजिस्टर, रजिस्टरात 'राख, टक्के' असा ठळक छापलेला रकाना आणि त्यात सकाळपासून माझ्याच हातानं भरलेले चार आकडे : ३६.२, ३८.९, ३४.४, ४१.०. आणि हा माणूस म्हणतो, कोळशात राख नसते.

ते परत आले तेव्हा मी विचारलंच. त्यांनी उलट मला विचारलं, "दुधात खवा असतो का?"

नसतो. खवा आपण आटवून करतो. राखेचंही तसंच आहे. कोळशाच्या थरात असतात त्या माती, गारगोटी, चुना, लोखंडाची खनिजं. त्यांना भट्टीत घालून आपण त्यांचं जे करतो, ती राख. मातीच्या कणांत घट्ट बसलेलं पाणी जाळताना उडून जातं. कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक यांची जोडी, गंधक सोडते, हवेतला ऑक्सिजन धरते आणि लाल होऊन बसते. म्हणजे उरतं ते मुळात होतं त्याहून कमी आणि वेगळंही. राखेच्या आकड्याला १.१ नं गुणलं की मूळ खनिजांचा अंदाज येतो असा एक ढोबळ हिशेब आहे. ३६ टक्के राख असलेल्या कोळशात खनिजंच जवळजवळ ४० टक्के. दहा किलोच्या पाटीत चार किलो माती-दगड.

हे ऐकून मला जरा फसवल्यासारखं वाटलं होतं. लहानपणापासून ज्याला काळं सोनं म्हणतात असं ऐकलं, ते चाळीस टक्के माती निघालं.

राख काढण्याची रीत तशी साधी आहे. कोळसा दळायचा, २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचा, सिलिकाच्या पसरट थाळीत एक ग्रॅम मोजून घ्यायचा आणि थंड मफल भट्टीत सरकवायचा. अर्ध्या तासात ५०० अंश, मग चढत चढत ८१५, तिथे तासभर. घाई केली तर कोळसा उडतो आणि चुन्याची खनिजं गंधक धरून ठेवतात, आकडा चुकतो. ओलावा १०८ अंशांवर. बाष्पनशील, म्हणजे तापवल्यावर वायू होऊन निघून जाणाऱ्या पदार्थांना ९०० अंशांवर नेमकी सात मिनिटं, पावणेसात नाही की सव्वासात नाही. ती सात मिनिटं मी तीस वर्षं मोजली. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही माझं लक्ष घड्याळाच्या सेकंदकाट्याकडेच असतं, मुली हसतात.

भट्टीतून थाळी बाहेर आली की पहिल्यांदा दिसतो तो रंग. पांढरट, राखाडी, पिवळसर, विटकरी. मी रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात, 'शेरा' असं लिहिलेलं असायचं तिथे, तो रंग लिहीत असे. कुणी सांगितलं नव्हतं. ती सवय आईची.

बाबा खाणीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे होते. खाणीच्या नोकरीत घरगुती कोळसा मिळायचा, क्वार्टरसमोर ट्रॅक्टर येऊन ढीग ओतून जायचा. आई पदर खोचून बसायची आणि निवडायची, तांदूळ निवडावेत तसं. चमकणारे, सहज तुटणारे तुकडे एकीकडे, मरके, जड, दगडासारखे दुसरीकडे. मी एखादा पिवळ्या चकाकीचा तुकडा तिच्या टोपलीत टाकला की ती तो उचलून बाहेर भिरकवायची. "हा नोको घेऊ व. याची राख लाल येते. सिगडीत खंगर धरते."

खंगर म्हणजे वितळून, थिजून, जाळीला चिकटून बसलेला गोळा. तो सिगडीचा श्वास कोंडतो. सळई घालून फोडावा लागतो. आईला पायराइट हा शब्द माहीत नव्हता, पण त्यातलं लोखंड राखेचा वितळण्याचा बिंदू खाली आणतं हे तिला सिगडीनं शिकवलं होतं. पुढे पुस्तकात वाचलं की मोठमोठ्या बॉयलरांच्या नळ्यांवर थर धरतो तो याच कारणानं, आणि त्याची इंजिनियर लोक वेगळी चाचणी करतात, राखेचा छोटा सुळका करून तो कितीव्या अंशाला मान टाकतो ते बघतात. तेव्हा मला आईची सळई आठवली.

आम्ही पोरं मात्र ते पिवळे तुकडे गोळा करायचो. आमच्यासाठी ते सोनंच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी मूठभर साठवलं होतं. एक पावसाळा गेला. दिवाळीच्या साफसफाईत डबा काढला तर आत पांढरी-पिवळी भुकटी, नाकाला झोंबणारा आंबट वास आणि डब्याच्या बुडाला भोक. ओल आणि हवा मिळाली की पायराइटचं गंधकाम्ल होतं. हे खाणीतल्या पंपांना आणि पाइपांना चांगलं माहीत असतं. मला ते सहावीत कळलं, आणि सोनं गेल्याचं दुःख दोन दिवस टिकलं.

भांडी घासायला मात्र आई कोळशाची राख कधी घ्यायची नाही. शेजारच्या गावातून लाकडाची, गोवऱ्यांची राख मागून आणायची. "हे राख चरे पाडते, आन् तेलही सोडवत नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, पाण्यात विरघळून ते तेलकटपणा कापतात. कोळसाही कधीकाळी झाडच होता, त्या झाडातही पोटॅशियम असणार, पण कोट्यवधी वर्षं पाण्यात कुजत, दाबत पडल्यावर ते विरघळणारं सगळं वाहून गेलं. उरली ती नदीनं आणून टाकलेली माती आणि बारीक वाळू. गारगोटीचे कण पितळेच्या परातीवर चरे पाडणारच. झाडाची स्वतःची राख आमच्या सिगडीत जवळजवळ नव्हतीच. सिगडीतली राख होती ती नदीची.

नदीची म्हणजे कुठल्या नदीची, हा प्रश्न मला खूप उशिरा पडला. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकार नावाच्या थरांत आहे, वय सुमारे २८ कोटी वर्षं. त्याच्यावर कामठीचा लाल-पिवळा वालुकाश्म. हो, नागपूरजवळची तीच कामठी, तिचं नाव त्या खडकाला आहे. आणि ज्या सगळ्या खडकसमूहाला जग गोंडवन म्हणतं ते नाव आमच्या या गोंडांच्या मुलखावरून, चांदा ज्यांची राजधानी होती त्यांच्यावरून पडलं. जगाच्या नकाशावर इतक्या मोठ्या जमिनीला आपल्या भागाचं नाव आणि आम्हाला शाळेत तो धडा पावसाळ्यात एका तासात उरकला होता.

बराकारच्या खाली तालचेर. तालचेरचे खडक म्हणजे हिमनदीनं खरवडून आणलेला, लहान-मोठ्या गोट्यांचा, कुठलीही निवड न केलेला भरड माल. वर्धा-पैनगंगेच्या संगमाच्या बाजूला इरई नावाचं गाव आहे (इरई नदी आणि धरण वेगळं). तिथे जुन्या चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर समांतर ओरखडे आहेत, सरकणाऱ्या बर्फात अडकलेल्या दगडांनी काढलेले. भूगर्भशास्त्र खात्याच्या फेडन यांनी त्यावर १८७५ मध्ये लिहिलं, उष्ण कटिबंधातल्या हिंदुस्थानात बर्फ होतं म्हणून. मी तिथे गेले तो मे महिना. पारा ४६ वर. बाटलीतलं पाणी आंघोळीचं झालेलं. डोक्याला ओढणी गुंडाळून त्या दगडावर बोटं फिरवली, लाकडावर पटाशी फिरावी तशा सरळ रेघा. बरोबरचे नवरोबा सावली शोधत झाडाखाली गेले होते आणि तिथूनच विचारत होते, दिसलं का बर्फ?

दिसलं, असं मी म्हणाले. ते बर्फ हटलं तेव्हा मोकळ्या झालेल्या, कुटून बारीक झालेल्या गाळातून नद्या वाहू लागल्या, त्यांच्या कडेच्या दलदलीत ग्लोसोप्टेरिसची झाडं वाढली. थंड हवेतली झाडं, पानगळ होणारी. दलदल साचत राहिली आणि नदी दर पुराला तिच्यात माती ढकलत राहिली. म्हणून आपल्या कोळशात खनिजं अशी मिसळलेली आहेत, पुरणात गूळ मिसळावा तशी. विलायतेतल्या बऱ्याच कोळशात माती वेगळ्या पट्ट्यांत असते, धुऊन काढता येते. आपला कोळसा धुवायला घेतला की माती आणि कोळसा मिळूनच तरंगतात नाहीतर मिळूनच बुडतात. वॉशरीवाले त्यावर आयुष्य घालवतात. त्याच नदीचा एक गुणही सांगायला हवा. ही दलदल गोड्या पाण्याची, समुद्र जवळ नव्हता, म्हणून गंधक कमी, बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही आत. आसाम-मेघालयच्या कोळशात राख कमी पण गंधक काही टक्क्यांत, कारण तिथे समुद्र होता. एकाला माती मिळाली, दुसऱ्याला गंधक.

इथवरचं सगळं टक्क्यांत होतं. केओलिनाइट आणि इलाइट ही मातीची खनिजं, गारगोटी, सिडेराइट हे लोखंडाचं खनिज, थोडं कॅल्साइट, थोडं पायराइट. ही मोठी मंडळी. आमच्या प्रयोगशाळेचा संबंध यांच्याशीही नावानिशी नव्हता, फक्त बेरजेशी होता. त्या बेरजेवर भांडणं किती व्हायची! जुन्या पद्धतीत ८९०० मधून राख आणि ओलावा यांच्या बेरजेची १३८ पट वजा करायची, उरलेल्या आकड्यावर ग्रेड. बेरीज ४० च्या थोडी अलीकडे असली तर ई, पलीकडे गेली की एफ. अर्धा टक्का राख म्हणजे अख्ख्या रेकच्या, म्हणजे मालगाडीभर कोळशाच्या, पैशांचा फरक. विकणारे वेगळे नमुने काढायचे, घेणारे वेगळे, आणि मधे आमची एक ग्रॅमची थाळी. २०१२ पासून ग्रेड थेट उष्मांकावर आली, जी-१ पासून जी-१७ पर्यंत. भांडणं राहिली, फक्त त्यांची अक्षरं बदलली.

टक्क्यांच्या पलीकडेही काही आहे हे मला एका संशोधक मुलामुळे कळलं. तो विद्यापीठातून आला होता आणि त्याची मागणी विचित्र होती. आमचा नमुना घेण्याचा मार्ग म्हणजे मिसळणं. थराच्या छतापासून जमिनीपर्यंत एक खाच खोदायची, निघालेला सगळा माल एकत्र करायचा, ढीग लावायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी मूठभर उरतो तो अख्ख्या थराचा प्रतिनिधी. हा मुलगा म्हणाला, मिसळू नका. मला दर वीतभराचा कोळसा वेगळ्या पिशवीत हवा. छताला लागून असलेला वेगळा, तळाचा वेगळा, मधल्या शेलच्या, म्हणजे मातीच्या खडकाच्या, पट्टीच्या वरचा-खालचा वेगळा.

"त्यानं काय होतं?" मी विचारलं.

"मॅडम, जे शोधतोय ते कडेला असतं."

मग त्यानं मला गोल्डश्मिटची गोष्ट सांगितली. व्हिक्टर गोल्डश्मिट, भू-रसायनशास्त्राचा जनकच म्हणतात त्यांना. १९३० च्या सुमारास जर्मनीत गॉटिंगेनला असताना त्यांना विलायतेतल्या कोळशाच्या राखेत जर्मेनियम सापडलं. हे मूलद्रव्य विंकलर यांनी १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणीतल्या एका दुर्मिळ खनिजातून शोधलं होतं आणि जवळपास पन्नास वर्षं ते कुणाच्या काही कामाचं नव्हतं. ते कोळशात इतकं कसं आलं? गोल्डश्मिट यांनी उत्तर जंगलात शोधलं. जुन्या बीच आणि ओकच्या रानातली पालापाचोळ्याची माती त्यांनी तपासली. झाड मुळांनी पाणी ओढतं, पाण्याबरोबर खडकातले अतिसूक्ष्म अंशही वर येतात. पानांतून पाणी उडून जातं, अंश पानातच राहतात. पान गळतं. पाऊस त्यातलं विरघळणारं धुऊन नेतो, हट्टी तेवढे मातीत राहतात. पुढच्या वर्षी पुन्हा. अशी शेकडो वर्षं. झाड म्हणजे खडकातून जमिनीच्या कातडीवर धातू उपसणारा रहाट.

हे ऐकल्यावर काही दिवस मला पानगळ वेगळी दिसत होती. ताडोब्याच्या वाटेवर पद्मापूरची खाण लागते. रस्त्याच्या एका बाजूला साग पानं टाकतोय, दुसऱ्या बाजूला ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे डोंगर. सागाच्या पानावर पाय पडला की ते केवढ्यानं वाजतं! फेब्रुवारीच्या शेवटी ते सगळं रान चुरचुरत असतं.

गोल्डश्मिट यांची कल्पना पुढे बरीच सुधारावी लागली. पानांचा वाटा थोडा, खरं काम दलदलीतल्या कुजलेल्या काळ्या गाळाचं. त्यातली ह्युमिक आम्लं वाहत्या पाण्यातले धातू पकडून ठेवतात, गाळणीसारखे. जर्मेनियम तर कार्बनच्या रेणूंनाच चिकटून बसतं, कुठल्या खनिजात जात नाही. आणि पाणी आत शिरतं ते थराच्या वरून, खालून, फटींतून. म्हणून कडेचा कोळसा पहिल्यांदा भरतो, मधल्याला पोचेपर्यंत पाणी रितं झालेलं असतं. पातळ थर जाड थरापेक्षा श्रीमंत, आणि जाड थराच्याही दोन्ही कडा मध्यापेक्षा श्रीमंत. सोव्हिएत शास्त्रज्ञ झिल्बरमिन्त्स यांनी हे तीसच्या दशकातच दाखवलं, त्यांच्या नावानं नियमही आहे. सगळीच मूलद्रव्यं असं वागत नाहीत. आर्सेनिक आणि पारा बहुधा पायराइटच्या आश्रयाला जातात. जस्त आणि कॅडमियम एकत्र स्फॅलेराइट या जस्ताच्या खनिजात सापडतात. क्रोमियम मातीत रमतं. झिर्कोनियम त्याच्या स्वतःच्या झिर्कॉनच्या कणांत, अगदी सोवळ्यात. कोळशात उभ्या बारीक फटी असतात, त्यांच्यात नंतर कधीतरी गरम पाणी फिरून कॅल्साइटची पांढरी पापडी जमते. ती पापडी म्हणजे थर पुरला गेल्यानंतरचा पाहुणा. सगळे एका घरात राहतात पण आले वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या काळी.

आणि आम्ही हे सगळं ढीग करून, चार भाग करून, मिसळून टाकत होतो. चूक नव्हतीच ती. ज्याला वीज बनवायची त्याला सरासरीच हवी असते. पण माझ्या मनात ते घर करून बसलं.

बाबांकडे चामड्याच्या म्यानातला एक ट्रान्झिस्टर होता. त्यावर संध्याकाळच्या बातम्या लागायच्या. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो दुपारी नीट बोलायचा नाही, बाबा त्याला ओल्या फडक्याशेजारी ठेवायचे. पुढे कळलं की त्या काळातल्या रेडिओतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असत आणि जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, सिलिकॉनला सोसते. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला तो जर्मेनियमच्याच तुकड्यावर. विलायतेत त्या सुरुवातीच्या वर्षांत जर्मेनियम कुठून काढत? कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांत साचलेल्या धुळीतून. गोल्डश्मिट यांचं मात्र १९४७ मध्येच ऑस्लोत निधन झालं होतं, मार्च महिन्यात. ज्यू म्हणून १९३५ मध्ये त्यांना गॉटिंगेन सोडावं लागलं, मग नॉर्वेत अटक, मग स्वीडनमार्गे विलायतेत पलायन. ज्याचा माग त्यांनी काढला त्याचं पुढे काय झालं हे त्यांना बघायला मिळालं नाही, नऊ महिन्यांनी चुकलं.

आज चीनमध्ये युनानच्या लिन्त्सांगला आणि मंगोलियाच्या बाजूला वुलानतुगाला असा कोळसा आहे की ज्यात जर्मेनियम शेकडो पीपीएम आहे. ग्रॅनाइटमधून झिरपलेल्या गरम पाण्यानं ते तिथे भरलं. तो कोळसा जाळतात तो उष्णतेसाठी नाही, राखेसाठी. खाण कोळशाची, पीक राखेचं. २०२३ मध्ये चीननं जर्मेनियमच्या निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा जगातल्या फायबर ऑप्टिकवाल्यांची आणि अंधारात बघणाऱ्या दुर्बिणी करणाऱ्यांची धावपळ झाली. अमेरिकेतही साठच्या दशकात नॉर्थ डकोटात लिग्नाइट जाळून राखेतून युरेनियम मिळवत होते. आमच्या साहेबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, खव्यासाठीच दूध घेतलं म्हणायचं.

पीपीएम म्हणजे किती ते सांगायला हवं. दहा लाखांत एक. एका टनात एक ग्रॅम. जगातल्या कोळशाची सरासरी काढली तर जर्मेनियम दोन-सव्वादोन पीपीएम, आर्सेनिक आठ-नऊ, पारा जेमतेम ०.१. सेलेनियम दीडच्या आसपास, पण पृथ्वीच्या कवचात ते इतकं कमी आहे की कोळशात ते वीसपटीहून अधिक साचलेलं ठरतं. एका टनात पारा किती, तर एका ग्रॅमचा दहावा भाग. काहीच नाही असं वाटतं. पण मोठं वीजकेंद्र वर्षाला एक कोटी टन कोळसा जाळतं असं धरा आणि शून्यं मांडा. पारा एक टन. आर्सेनिक ऐंशी-नव्वद टन. हा जागतिक सरासरीचा हिशेब आहे, कुठल्या एका खाणीचा नाही. मी तो एकदा रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर केला आणि मग तिथे कव्हर चिकटवलं.

सरासरी किती फसवी असू शकते ते चीनच्या ग्वीझोऊ प्रांतात दिसलं. डोंगराळ, ढगाळ, गरीब मुलूख. घराशेजारच्या छोट्या खाणींतला कोळसा घरात, धुराड्याशिवायच्या चुलीत जाळायचे. त्या भागात सोन्याचे साठे करणाऱ्या गरम पाण्यानं काही ठिकाणी कोळशात आर्सेनिक आणून भरलं होतं, एखाद्या नमुन्यात ३५,००० पीपीएमपर्यंत, म्हणजे साडेतीन टक्के. जगाच्या सरासरीच्या हजारो पट. आणि सुगीच्या दिवसांत ऊन नसतं, म्हणून तिथल्या बाया मिरच्या चुलीवर टांगून वाळवायच्या. ताज्या मिरचीत आर्सेनिक एक पीपीएमच्या आत, धुरावर वाळलेल्या मिरचीत सरासरी ५०० च्या घरात. तळहातांवर कडक गाठी, अंगावर काळे डाग, असे सुमारे तीन हजार रुग्ण नैर्ऋत्य ग्वीझोऊत नोंदले गेले.

त्याच प्रांतात फ्लोराइडचं दुखणं त्याहून कितीतरी मोठं, लाखोंच्या घरात, दात पिवळे-तपकिरी आणि हाडं वाकलेली. मक्याची कणसं चुलीवर वाळवून ती खाल्ल्यानं. आणि ते फ्लोरिन आलं कुठून हे तपासताना असं निघालं की बऱ्याच गावांत दोष कोळशापेक्षा मातीचा. कोळशाचा चुरा जळावा म्हणून त्यात चिकणमाती कालवून गोळे करत, ती माती फ्लोरिननं भरलेली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ढिगाच्या तळाशी उरलेल्या चुऱ्यात माती आणि थोडं शेण कालवून आईही गोळे करायची. ओळीनं वाळत घातलेले ते काळे लाडू, त्यांच्यावर तिच्या बोटांचे ठसे. आमची माती वेगळी, आमचा कोळसा वेगळा, आमची सिगडी अंगणात पेटायची आणि धूर सरल्यावरच आत यायची. आमच्याकडे मिरच्या उन्हात वाळायच्या, भर मार्चमध्ये, अख्खं अंगण लाल करून, शिंका काढत. ऊन फुकट आणि भरपूर. ग्वीझोऊच्या बाईचं काय चुकलं? तिनंही तांदूळ निवडावेत तसा कोळसा निवडलाच असेल. पण आर्सेनिकची चकाकी दिसत नाही, त्याची राख लाल येत नाही. सिगडीनं शिकवण्यासारखं ते नव्हतं.

वीजकेंद्राच्या भट्टीत जे होतं ते सिगडीपेक्षा फार वेगळं. पिठासारखा दळलेला कोळसा क्षणात जळतो, मातीचे कण वितळतात आणि हवेतच गोल होऊन थिजतात, काचेचे सूक्ष्म मणी. काही आतून पोकळ, राखेच्या तळ्यावर पांढऱ्या सायीसारखे तरंगतात. पारा वायू होऊन बराचसा निसटतो. आर्सेनिक आणि सेलेनियम वाफ होतात आणि धुराड्याकडे जाता जाता थंड होऊन कणांवर बसतात. बारीक कणांना वजनाच्या मानानं पृष्ठभाग जास्त, म्हणून सगळ्यात बारीक राख सगळ्यात भारलेली. फिल्टरच्या हातून सुटते तीही नेमकी तीच.

लेकी लहान होत्या तेव्हा आम्ही गच्चीवरची धूळ कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवायचो. काळे कण उभे राहून रांगेत चालायचे. मोठी म्हणायची मुंग्या. आईनं टोपलीबाहेर भिरकवलेल्या त्या पिवळ्या तुकड्यांतलं लोखंड, वीजकेंद्राच्या मोठ्या सिगडीतून फिरून, आमच्या गच्चीवर.

राखेचं मात्र आता बरं चाललंय. १९९९ च्या सरकारी अधिसूचनेनंतर विटांत, सिमेंटात ती जाऊ लागली. आमच्या घरावर दुसरा मजला चढवला तेव्हा सिमेंटच्या गोणीवर पीपीसी लिहिलेलं होतं, म्हणजे १५ ते ३५ टक्के राख. गवंड्यानं घमेल्यात पाणी ओतलं आणि मी उगाच वाकून रंग बघितला. तो म्हणाला, काय झालं ताई, माल खराब वाटते का?

निवृत्तीला दोन महिने उरले असताना प्रयोगशाळेत संगणक आला. नमुन्याचा क्रमांक, ओलावा, राख, बाष्पनशील, उष्मांक. रजिस्टरं गठ्ठे बांधून वरच्या फळीवर गेली. नवा मुलगा चटपटीत, मला शिकवायला बसला. मी सगळे रकाने बघितले आणि विचारलं, "शेरा कुठे लिहायचा?"

"शेरा नाही मॅडम यात. काय लिहायचे तुम्ही?"

मफल भट्टीचं दार त्याच वेळी उघडलेलं होतं. मी चिमट्यानं एक थाळी बाहेर काढली, टाइलवर ठेवली आणि त्याला म्हटलं, बघ. तो वाकला. थोडा वेळ बघत राहिला.

"गुलाबी आहे," तो म्हणाला.

"विटकरी म्हणतात त्याला," मी म्हणाले. "निवू दे, मग वजन घे."